चेहरा हाच दाखला : ब्राझीलमधलं आरक्षण समजून घेताना

२०२३ च्या जूनअखेरीस एक वाक्य आपल्या मोबाइलवर बरंच फिरलं : "बघा, अमेरिकेनेसुद्धा आरक्षण बंद केलं." बातमी अर्धी खरी होती. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला, की प्रवेश देताना उमेदवाराचा वंश विचारात घ्यायचा नाही. पण आपण ज्याला आरक्षण म्हणतो, म्हणजे ठरावीक जागा राखून ठेवणं, ते तिथल्या विद्यापीठांत १९७८ पासूनच बेकायदा होतं. राखीव जागा नव्हत्याच. इतर दहा गोष्टींबरोबर वंशाचाही थोडा विचार करण्याची मुभा होती, ती गेली.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला त्याच गोलार्धातल्या दुसऱ्या एका मोठ्या देशात नेमकं उलट घडलं. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी विद्यापीठांतलं आरक्षण पुढे चालू ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. पाठोपाठ ३ जून २०२५ ला केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या राखीव जागा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेल्या. आपल्याला अमेरिकेची बातमी पटकन कळते, ब्राझीलची कळत नाही. खरं तर आपल्या परिस्थितीशी ब्राझीलचीच गोष्ट जास्त जुळते. म्हणून ती मुळापासून सांगतो.

आधी एकच शब्द समजून घेऊ. जगभरात या धोरणांना 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' म्हणतात. ज्या समाजगटाला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलं, त्याच्यासाठी दार नुसतं उघडून न थांबता हाताला धरून आत आणायचं, असा त्याचा अर्थ. कुठे त्यासाठी शिष्यवृत्ती असते, कुठे खास भरती, तर कुठे राखीव जागा. ब्राझीलने राखीव जागांचा मार्ग घेतला. तिथे त्यांना 'कोटा'च म्हणतात, त्यामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही.

दोन कलमांचा कायदा

अटलांटिक महासागरावरून गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सर्वांत जास्त ब्राझीलमध्ये उतरवले गेले. हा आकडा ४८ लाखांच्या आसपास आहे. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत होती. आपल्या डोळ्यांसमोर गुलामगिरी म्हटलं की अमेरिकेतली कापसाची शेतं येतात, पण आकड्यांनी बघितलं तर ही कहाणी आधी ब्राझीलच्या उसाची, सोन्याच्या खाणींची आणि कॉफीच्या मळ्यांची आहे. हा व्यापार पोर्तुगीजांनी उभा केला, तेच पोर्तुगीज ज्यांनी गोव्यातही आफ्रिकी गुलाम आणले होते.

अमेरिका खंडांत गुलामगिरी सर्वांत शेवटी रद्द केली ती ब्राझीलने, १३ मे १८८८ ला. त्या कायद्यात दोनच कलमं होती. आजपासून गुलामगिरी संपली, हे पहिलं. याविरुद्ध जे काही असेल ते रद्द, हे दुसरं. जमीन, मजुरी, शाळा यांबद्दल एक अक्षर नाही.

मुक्त झालेल्या माणसाने जायचं कुठे? १८५० च्या जमीन कायद्याने सरकारी पडीक जमीन फक्त विकतच घेता येईल असं ठरवून टाकलं होतं, आणि ज्याने आयुष्यभर फुकट राबून घाम गाळला त्याच्या गाठीला पैसा कुठला? मळ्यांवर मजुरी करावी, तर तिथे सरकारी खर्चाने युरोपातून माणसं आणली जात होती. १८९० च्या एका फर्मानाने तर देशाची बंदरं कामकरी माणसांना मोकळी केली आणि अपवाद सांगितला तो आशिया आणि आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यांना संसदेच्या परवानगीशिवाय येता येणार नाही. (त्या ओळीत आपणही आलो, हे वाचताना मला चरकायला झालं होतं.) निरक्षरांना मतदानाचा हक्क मिळायला १९८५ उजाडलं. शाळा कोणाच्या नशिबी नव्हती हे लक्षात घेतलं, की शंभर वर्षं मतपेटीपासून कोण लांब राहिलं तेही कळतं.

एवढं होऊनही ब्राझीलमध्ये अमेरिकेसारखे वंशभेदाचे कायदे झाले नाहीत. काळ्यांसाठी वेगळी बस, वेगळा नळ असं काही नव्हतं. गोरे-काळे विवाहही होत आले. त्यातून 'आमच्याकडे भेदभावच नाही, आम्ही सगळे मिसळून गेलेले' ही समजूत पक्की झाली. कायद्यात भिंत नाही म्हणजे समाजात नाही, असा हा हिशेब. गावात चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी ठेवायला कुठल्या कायद्याने सांगितलं होतं? आपल्याला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

फुकट विद्यापीठ, पण कोणासाठी?

ब्राझीलमध्ये केंद्र आणि राज्य सरकारांची विद्यापीठं देशातली उत्तम विद्यापीठं आहेत आणि तिथे फी नाही. ऐकायला छान वाटतं. पण प्रवेश अवघड परीक्षेने होतो. सरकारी शाळा कमकुवत, खासगी शाळा महाग आणि परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या. परिणाम असा झाला, की ज्यांच्या आईवडिलांना बारावीपर्यंत भरपूर फी भरता आली, त्यांचीच मुलं पुढे करदात्यांच्या पैशाने फुकट डॉक्टर आणि इंजिनीअर होऊ लागली. सरकारी शाळेतलं पोर मात्र खासगी कॉलेजात पैसे मोजून शिकत होतं, तेही रात्रपाळीच्या वर्गात, दिवसा नोकरी करून. गरिबांच्या करातून श्रीमंतांना शिष्यवृत्ती, असंच म्हणायला हवं.

कृष्णवर्णीय चळवळ हे कित्येक दशकं सांगत होती. त्या चळवळीचे ज्येष्ठ नेते अब्दियास दु नासिमेंतु यांनी १९८३ मध्येच संसदेत भरपाईच्या उपायांचं विधेयक मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. वारं फिरलं २००१ मध्ये. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत डरबनला संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद झाली. भारतातल्या दलित संघटना जातीचा प्रश्न जगापुढे मांडायला गेल्या होत्या, तीच ही परिषद. ब्राझीलच्या सरकारने तिथे आपल्याकडे वंशभेद आहे हे मान्य केलं आणि मग घरी येऊन काहीतरी करणं भाग पडलं. रिओ राज्याच्या विद्यापीठाने २००३ च्या प्रवेशांत कोटा लागू केला, २००४ मध्ये ब्राझिलिया विद्यापीठाने. लगेच कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कोटा वैध ठरवला.

त्या निकालातला एक भाग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रिकार्दु लेवांदोव्स्की यांनी म्हटलं, की ही धोरणं अमेरिकेची निर्मिती आहे असा समज आहे, पण त्यांचा उगम भारतात आहे. त्यांच्यासमोर ब्रिटिशकाळातला भारत होता. आपल्या मनात मात्र २६ जुलै १९०२ ची तारीख येते, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या तो दिवस. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे ही देवाणघेवाण दीडशे वर्षांची आहे.

जागा मोजतात कशा?

ऑगस्ट २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या निम्म्या जागा राखीव झाल्या. पण कोणासाठी? इथेच बहुतेकांची गफलत होते. त्या निम्म्या जागा सरळ काळ्या विद्यार्थ्यांसाठी नाहीत. उच्च माध्यमिकची तिन्ही वर्षं सरकारी शाळेत काढलेल्यांसाठी त्या आहेत. त्यातल्या निम्म्या गरीब घरांतल्या मुलांसाठी. आणि गरीब असोत वा नसोत, दोन्ही वाट्यांच्या आत, त्या राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि आदिवासी जितके टक्के, तितक्या टक्के जागा त्यांच्या.

एक उदाहरण घेऊ. बाहिया राज्यात हे प्रमाण सुमारे ८० टक्के आहे. तिथल्या केंद्रीय विद्यापीठात १०० जागा असतील तर ५० सरकारी शाळांच्या, आणि त्यातल्या सुमारे ४० या गटांच्या. दक्षिणेतल्या सांता कातारिना राज्यात लोकसंख्या मुख्यतः गोरी. तिथे त्याच ५० पैकी साधारण १२ जागा या गटांच्या वाट्याला येतील, उरलेल्यांवर सरकारी शाळेतली गोरी मुलंही येतील. म्हणजे गोऱ्या कामगाराच्या मुलालाही कोट्याचा फायदा आहे. या एका गोष्टीमुळे कायदा टिकायला मोठी मदत झाली असं मला वाटतं.

२०२३ च्या दुरुस्तीने तीन महत्त्वाचे बदल केले. गरिबीची मर्यादा दरडोई दीड किमान वेतनावरून एक किमान वेतनावर आणली. पळून गेलेल्या गुलामांनी जंगलात वसवलेल्या वस्त्यांचे वंशज, ज्यांना 'किलोंबोला' म्हणतात, त्यांना समाविष्ट केलं. आणि कोट्यातल्या मुलाचे गुण खुल्या यादीत बसत असतील तर त्याला आधी तिथे जागा द्यायची, कोट्यातली जागा दुसऱ्यासाठी मोकळी ठेवायची, असं ठरवलं. हा तिसरा नियम आपल्या स्पर्धापरीक्षांच्या मुलांना तोंडपाठ असेल.

पण काळं कोण, हे ठरवणार कोण?

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. आपल्याकडे जातीचा दाखला लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंद, मग पडताळणी समिती. सगळा पुरावा कागदावर आणि वंशावळीत. ब्राझीलमध्ये असा दाखला नाही. जनगणनेत माणूस स्वतःच आपला रंग सांगतो. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्रवर्णीय, ४३.५ टक्क्यांनी गोरं आणि १०.२ टक्क्यांनी काळं म्हटलं. १९७६ मध्ये एका सरकारी पाहणीत लोकांना रंग मोकळेपणाने सांगायला सांगितलं, तेव्हा सव्वाशेहून जास्त वेगवेगळे शब्द आले. कोणी गव्हाळ, कोणी दालचिनीसारखा, कोणी उन्हाने रापलेला.

सुरुवातीला विद्यार्थ्याचा शब्द प्रमाण मानायचे. साहजिकच काही गोऱ्या मुलांनी 'माझी पणजी काळी होती' म्हणून अर्ज भरले. ब्राझिलिया विद्यापीठाने फोटो तपासायची पद्धत ठेवली होती. २००७ मध्ये तिथे एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांनी अर्ज केला. फोटोंवरून एकाला कृष्णवर्णीय ठरवलं, दुसऱ्याला नाही. देशभर चर्चा झाली. पुढे विद्यापीठाने फोटोंऐवजी प्रत्यक्ष मुलाखती सुरू केल्या.

आज केंद्रीय नोकरभरतीत पाच जणांची समिती असते, त्यात स्त्री-पुरुष आणि वेगवेगळ्या वर्णांचे सदस्य. उमेदवार समोर येतो, चित्रीकरण होतं. समिती फक्त दिसणं बघते : त्वचेचा रंग, केस, नाक, ओठ. आजीचा फोटो, जन्मदाखला, पूर्वीच्या कुठल्या समितीचा निर्णय, काहीही चालत नाही. बऱ्याच विद्यापीठांनीही हीच रीत घेतली. नियम असा, की खरोखर शंका असेल तर उमेदवाराचा शब्द मानायचा.

माणसाला असं उभं करून न्याहाळणं वाचतानाच अंगावर येतं. मीही अडखळलो. पण यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. ब्राझिली समाजशास्त्रज्ञ ओरासी नोगेरा यांनी १९५० च्या दशकात भेदभावाचे दोन प्रकार सांगितले. एक मुळावरून होणारा, दुसरा खुणेवरून होणारा. अमेरिकेत वंशावळीत एक काळा पूर्वज निघाला, तर दिसायला गोरा असलेला माणूसही काळा ठरायचा, तो मुळावरचा भेदभाव. आपली जातही तशीच. शहरात बदली झाली, भाड्याचं घर शोधायला गेलं की आधी आडनाव विचारतात, चेहऱ्यावरून काही कळत नाही म्हणून. ब्राझीलमध्ये उलट. तिथे आडनावावरून काही समजत नाही, सगळे सिल्वा आणि सांतूश. पोलीस रस्त्यात थांबवतो तो चेहरा बघून. दुकानातला रखवालदार मागे मागे फिरतो तोही चेहरा बघूनच. तो पणजीची चौकशी करत नाही.

जखम ज्या वाटेने झाली, औषधही त्याच वाटेने द्यायचं, असा हा तर्क आहे. गोऱ्या दिसणाऱ्या मुलाची पणजी गुलाम असेलही, पण त्या पणजीमुळे त्याला कोणी नोकरी नाकारलेली नसते. मला हा तर्क पटतो. पद्धत मात्र निर्दोष नाही. रंगाच्या सीमारेषेवरचं गव्हाळ मूल एका समितीत बसतं, दुसऱ्या समितीत बाहेर पडतं. प्रवेश हुकलेली मुलं न्यायालयात गेली आहेत, काहींना जागा परत मिळाली आहे. दुसऱ्या बाजूने, साओ पावलु विद्यापीठाने २०२० मध्ये खोटं सांगून कोट्यातून शिरलेल्या विद्यार्थ्याला प्रथमच काढून टाकलं.

गुणवत्तेचं काय?

हा आक्षेप तिथेही पहिल्या दिवशी आला. दर्जा घसरेल, वर्ग बुडेल, मुलं अर्ध्यावर सोडून जातील. आज वीस वर्षांचा अनुभव हाताशी आहे. कोट्यातून आलेली मुलं प्रवेशाच्या वेळी गुणांनी मागे असतात, पण शिकत असताना ते अंतर बहुतेक विषयांत कमी होतं, असं अनेक विद्यापीठांच्या नोंदींतून दिसलं. गणित जास्त लागणाऱ्या अभ्यासक्रमांत सुरुवातीचा फरक ठळक असतो. मोठी अडचण बुद्धीची नाही, पैशाची आहे. फी नसली तरी बसभाडं, जेवण, खोली, पुस्तकं कुठून आणायची? म्हणून २०२३ च्या कायद्यात कोट्यातल्या मुलांना विद्यार्थी-साहाय्यात प्राधान्य दिलं गेलं.

आणखी एक गोष्ट. कोटा ब्राझीलला अगदी नवा होता असंही नाही. १९६८ ते १९८५ या काळात शेतकी आणि पशुवैद्यक शिक्षणात निम्म्या जागा शेतीशी संबंध असलेल्या, गावी राहणाऱ्या उमेदवारांसाठी राखीव होत्या. लोक त्याला 'बैलाचा कायदा' म्हणत. कागदावर भूमिहीनही पात्र होते, पण एवढं शिकलेली मुलं मळेवाल्यांकडेच असायची, फायदा त्यांनाच झाला. तेव्हा दर्जा घसरण्याची एवढी ओरड झाली नव्हती.

गरिबीवर द्या, रंगावर कशाला?

वरचं गणित बघितलं तर गरिबी आणि सरकारी शाळा या अटी आधीच आहेत. तरी रंग वेगळा का मोजायचा, याचं उत्तर पगारात सापडतं. ब्राझीलच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने २०१८ चे आकडे दिले होते. नोकरी-धंद्यात असलेल्या गोऱ्या माणसाची सरासरी कमाई कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय माणसापेक्षा ७३.९ टक्क्यांनी जास्त होती. यातला बराच फरक शिक्षणाचा, असं म्हणता येईल. म्हणून फक्त पदवीधर घेऊ. तिथेही तासाला गोऱ्याची कमाई सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. शिक्षणाची पातळी एकच, तरी एवढा फरक. गरिबी हे एकच कारण असतं तर पदवीनंतर ही दरी बरीचशी बुजायला हवी होती.

त्याच वर्षी सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय मिळून प्रथमच निम्म्यावर गेले, ५०.३ टक्के. व्यवस्थापकांच्या खुर्च्यांत मात्र त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आत होता. वर्गाचं दार उघडलं, कंपनीचं नाही.

म्हणूनच पुढची लढाई नोकरीची आहे. २०१४ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत २० टक्के कोटा आला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ब्राझीलमध्ये सरकारी नोकरीची स्पर्धापरीक्षा हा आपल्या एमपीएससीसारखाच घराघरांतला विषय आहे, वर्षानुवर्षं तयारी करणारी मुलं तिथेही आहेत. २०२५ पासून ३० टक्क्यांत आदिवासी आणि किलोंबोलाही आले.

खासगी क्षेत्राला कोटा नाही. २०२० मध्ये 'मगाझीन लुइझा' या मोठ्या किरकोळ विक्री साखळीने भावी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची एक तुकडी फक्त कृष्णवर्णीय उमेदवारांची घेतली, कारण अधिकारीवर्गात ते जवळजवळ नव्हतेच. उलटा वंशभेद म्हणून खटला भरला गेला, कामगार न्यायालयाने तो फेटाळला. पण अशा कंपन्या थोड्या. जमिनीचा प्रश्न तर तसाच आहे. किलोंबोलांना त्यांच्या वस्त्यांच्या जमिनीची मालकी १९८८ च्या राज्यघटनेने कबूल केली, २०२२ मध्ये त्यांची पहिली मोजणी झाली, तेरा लाखांहून जास्त भरले, आणि बहुतेकांच्या हातात अजून मालकीपत्र नाही.

आणि हे कधीपर्यंत?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये अपेक्षा व्यक्त केली होती, की २५ वर्षांत याची गरज उरणार नाही. वीस वर्षांतच गरज तपासण्याऐवजी दार बंद झालं. ब्राझीलने दर दहा वर्षांनी मूल्यमापन करायचं असं कायद्यात लिहिलं आहे.

आपल्याकडे या प्रश्नाबरोबर क्रीमी लेयरचा प्रश्न येतो : बापाने घेतलं, आता मुलाने का घ्यावं? तिथल्या विद्यापीठीय कायद्यात याचं उत्तर शाळेच्या अटीतच आहे. रिओच्या विद्यापीठात २००३ मध्ये कोट्यातून आलेली मुलगी आज चाळिशीची असेल. समजा ती डॉक्टर झाली आणि तिने मुलाला खासगी शाळेत घातलं, तर केंद्रीय विद्यापीठात तो मुलगा कोट्यात बसत नाही. कोणी उत्पन्नाचा दाखला मागायची गरजच नाही. पण तोच मुलगा पुढे केंद्र सरकारच्या नोकरीच्या परीक्षेला बसला तर तिथे कोटा त्याला आहे. तिथे शाळेची अट नाही, कारण मुलाखतीच्या खोलीत आणि रस्त्यावरच्या पोलिसासमोर तो डॉक्टरचा मुलगा म्हणून जात नाही, स्वतःचा चेहरा घेऊन जातो.